कुंतीचा हौद

आमच्या घराच्या चौकात ऊन येत नाही. येतं ते मे महिन्यात, दुपारी अर्धा तास, आणि तेही एका कोपऱ्यात चटईएवढं. बाकी वर्षभर वरच्या पारदर्शक पत्र्यातून नुसता उजेड उतरतो. चौक म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. खरं तर तीन बाजूंना आमच्या खोल्या आणि चौथ्या बाजूला शेजाऱ्याची तीन मजली भिंत, यांच्यामध्ये उरलेली ती जागा आहे. भिंतीपलीकडे पॉवरलूम चालतात. सकाळी सुरू झालेली खटखट दिवसभर चालू असते, आणि मध्येच वीज गेली की आपण किती मोठ्यानं बोलत होतो ते गल्लीतल्या सगळ्यांच्या एकदम लक्षात येतं.

या चौकात मी लग्न होऊन आल्यापासून काय काय लावलं. तुळस दर पावसाळ्यात नवी आणायची आणि संक्रांतीपर्यंत तिच्या काड्या व्हायच्या. मोगरा उजेड शोधत भिंतीवर चढत गेला, कळी म्हणून धरली नाही. गुलाबाचं तर बोलायलाच नको. टिकली ती एक कुंती. इकडे बुऱ्हाणपुरात सगळे तिला मधुकामिनी म्हणतात. माझी आई जळगावकडची, ती कुंती म्हणायची, म्हणून मीही कुंतीच म्हणते. बारीक, गर्द हिरव्या, तुकतुकीत पानांचं झुडूप. बारा महिने हिरवं. सावलीत फुलं कमी येतात, पण येतात. पांढरी, लिंबाच्या फुलासारखी, आणि वास असा की स्वयंपाकघरात फोडणी चालू असली तरी कळतो.

ही कुंती आईची होती. नुसती आईनं दिलेली नव्हे, आईच्या हातची. माझे वडील कागद कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा आईवडील गाव सोडून कारखान्याच्या वसाहतीत राहायला आले. क्वार्टरच्या मागच्या दारी नळ होता आणि नळावर आंब्याची दाट सावली. तिथं काही येणार नाही असं शेजारणींनी सांगितलं, म्हणून आईनं मुद्दाम तिथंच कुंती लावली. आई तशीच होती. मी तिच्यावर गेले आहे असं सगळे म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

वडील आधी गेले. आई क्वार्टरमध्ये एकटी राहिली, आणि एका मार्च महिन्यात तीही गेली. मी शाळेत शिकवते. त्या दिवशी बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी होती आणि फोन नियमाप्रमाणे ऑफिसात जमा केलेला. पेपर संपल्यावर, गठ्ठे बांधून झाल्यावर फोन हातात आला तेव्हा त्यावर नवऱ्याचे अकरा कॉल होते. मी पोचले तेव्हा आईला आवरून ठेवलं होतं. शेवटी ती मला हाक मारत होती असं शेजारीण म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली, पण ते वाक्य मला नको होतं.

जूनअखेर क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं. भांडी वाटली, कपाट दिलं, आणि मग मी नवऱ्याला म्हटलं, कुंती न्यायची. इतकं जुनं झुडूप उपटून लागत नाही असं सगळ्यांनी समजावलं. मी ऐकलं नाही. फांद्या गुडघ्यापर्यंत छाटल्या, चारही बाजूंनी खणून मुळांचा गड्डा मातीसकट ओल्या गोणपाटात बांधला आणि टेम्पोत मी स्वतः त्याला धरून बसले.

घरी चौकात मिस्त्रीनं आधीच गुडघ्याएवढा विटांचा हौद बांधून ठेवला होता. माती माझ्या सासऱ्यांनी पाठवली. त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. त्यांचं शेत इच्छापुरच्या बाजूला, पिढ्यान्‌पिढ्या केळीचं. केळीच्या गाडीवर चार पोती टाकून ते स्वतः आले होते, आणि पोतं सोडून मूठभर काळी माती माझ्या हातात देऊन म्हणाले होते की याच्यापेक्षा चांगली माती तापीकाठी नाही. खरंच नव्हती.

दोन महिने नुसते खुंट उभे होते. मी रोज शाळेतून आले की पर्स खांद्यावर असतानाच आधी चौकात जायचे. पोळ्याच्या सुमारास एका खुंटावर राईएवढा हिरवा ठिपका दिसला. मी तिथंच फरशीवर बसले आणि आई गेल्यावर पहिल्यांदा पोटभर रडले.

मग तिची देखभाल हाच माझा एक नेम झाला. आईची शिकवण एवढीच होती की कुंतीला सावली चालते, पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. पाणी घालायच्या आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. बोटाला माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. उन्हातल्या झाडाची माती वाळते, सावलीतल्या झाडाची वाळत नाही, म्हणून सावलीतल्या झाडावर प्रेम करायचं ते हात आवरून. शेवटचं वाक्य माझं आहे. आई असलं काही बोलली नसती, ती म्हणाली असती की उगीच पाणी ओतू नको, डोकं ठिकाणावर ठेव.

रविवारी पानं पुसायची. पलीकडच्या लूममधून कापसाचे बारीक तंतू उडत येतात आणि ओल्या पानांना चिकटून बसतात. दोन आठवडे लक्ष दिलं नाही तर झाड म्हातारं दिसायला लागतं. क्वार्टरमध्ये आई धुराड्याची काजळी पुसायची. जुन्या मऊ साडीचं फडकं पिळून एकेक फांदी तळहातावर घेऊन पुसत गेलं की तास कसा जातो कळत नाही. त्या तासात घरातलं कुणी मला हाक मारत नसे. माझा राग सगळ्यांना माहीत होता.

मुलीच्या साखरपुड्याच्या आधी आम्ही घर रंगवलं आणि चौकात पांढऱ्या टाइल्स घातल्या. त्या टाइल्सचं मला फार कौतुक होतं. डाग दिसला की मी फडकं घेऊन धावायचे. कुंती तेव्हा माझ्या खांद्याएवढी झाली होती आणि पांढऱ्या फरशीवर तिचा हिरवा रंग असा उठून दिसायचा की पाहुण्यांनी फोटो काढले ते तिच्यासमोर.

त्यानंतर वर्षभरानं आबा आमच्याकडे कायमचे राहायला आले. सासूबाई गेल्या होत्या, आबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि शेत दुसऱ्याला कसायला दिलं होतं. पहाटे उठून बागेत जाणारा माणूस तो. आमच्याकडे पहाटे उठायचे आणि कुठं जायचं ते कळत नसल्यासारखे चौकात खुर्ची टाकून बसायचे. वर उजेड यायची वाट पाहायचे. नवरा त्याच्या लूमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, मी शाळेत. घरात आबा आणि भिंतीपलीकडची खटखट.

एक दिवस त्यांनी मला विचारलं की या झाडाला पाणी मी घालत जाऊ का. मला बरंच वाटलं. शाळेची नवी गडबड सुरू झाली होती, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काम मिळालं. हो, घाला, म्हटलं. बोटाचं काही सांगितलं नाही. सत्तर वर्षं शेती केलेल्या माणसाला पाणी कसं घालायचं ते मी काय सांगणार, असा माझा विचार. शेती म्हणजे त्यांच्यासाठी केळी हे माझ्या डोक्यात आलं नाही.

केळ हे पाण्याचं झाड. उन्हाळ्यात तिचं पाणी एक दिवस चुकलं तर घड पोसत नाही. आबांना जे माहीत होतं ते असं की पान खाली झुकलं म्हणजे झाड तहानलेलं. ते सकाळी तांब्या घेऊन हौदाशी उभे राहत, सावकाश, बुंध्याभोवती गोल फिरवत पाणी घालत. संध्याकाळी पुन्हा. खालची पिवळी पानं नखानं खुडत, जशी केळीची वाळली पानं कापतात. मी कौतुकानं बघायचे. फोन करून मुलीला सांगितलं की आबांचं मन रमलं आहे.

आषाढात कुंतीची पानं मलूल झाली. आबा म्हणाले, बेटा, तिले पानी कमी पडून ऱ्हायलं. आणि त्यांनी तांब्या सोडून बादली घेतली.

मी तेव्हा तरी बोट घालून पाहायला हवं होतं. नाही पाहिलं. दहावीचे जादा तास होते, घरी आले की पाय दुखायचे, रविवारी पानं पुसणंही दोनदा राहिलं. श्रावणातल्या एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी येऊन चौकात गेले तर कुंतीच्या वरच्या सगळ्या फांद्यांची पानं तपकिरी होऊन खाली लोंबत होती. हौदातून सडक्या मुळांचा वास येत होता. मी बोट घातलं तर ते चिखलात बुडालं, आणि काढल्यावर त्या भोकात पाणी भरलं. आबा मागे बादली घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. आता वाटतं, ती माझ्याइतकीच होती.

मी म्हणाले, "आबा, माझी आई एकदा गेलीच होती. तुम्ही तिला पुन्हा मारलंत."

शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझं ओरडणं घरात कुणी मनावर घेत नाही. आबांनी बादली हळूच खाली ठेवली, सांडू न देता. मग भिंतीला हात टेकत त्यांच्या खोलीत गेले.

 त्या रात्री नवरा मला एवढंच म्हणाला की झाड आहे ते. मी म्हटलं, तुला ते झाड आहे.  आबा आणि मी एकमेकांशी बोलत होतो, पण चहा झालाय, गोळी घेतली का, एवढंच. आपण जे बोललो ते वाईट होतं हे मला दुसऱ्या दिवशीच कळत होतं. कळूनही माफी मागायची म्हटली की मला कुंतीची ती लोंबणारी पानं दिसायची आणि जीभ आत जायची. माझ्या स्वभावाचं मी आजवर पुष्कळ हसून सांगितलं आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही.

सोमवारी शाळेतून आले तर पांढऱ्या टाइल्सवर हौदापासून मोरीपर्यंत काळ्या पाण्याचा ओघळ. माझं डोकंच फिरलं. म्हणजे एवढं होऊनही हे पाणी ओततच आहेत, आणि सांडतही आहेत. मी बादली आपटून फरशी अशी पुसली की शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. आबा खुर्चीत बसून बघत होते. पुढचे दोन दिवसही तो ओघळ होता, आणि मी रोज तशीच आपटत पुसली. चौथ्या दिवशी तो बंद झाला. मला वाटलं, आता समजलं त्यांना.

त्यानंतरच्या मंगळवारी आबा म्हणाले, इच्छापुरले जाऊन येतो. गुडघा धड नसताना एकटे, बसनं. मला वाटलं, गेले रागावून, आता शेतावरच राहायचं म्हणतील. दिवसभर वर्गात माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी घरी आले तर ते परतले होते, पिशवीत इच्छादेवीचा नारळ आणि केळीच्या सोपटाची एक जुडी. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली साल. शेतकरी तिच्या पट्ट्या काढून दोरीसारख्या वापरतात. प्रसाद माझ्या हातावर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर कुंतीच्या मागच्या बाजूच्या एका फांदीला मुठीएवढं गाठोडं बांधलेलं. तेवढी एकच फांदी अजून हिरवी होती. आबांनी तिची इंचभर साल गोलाकार काढली होती, त्याभोवती इच्छादेवीच्या नारळाची शेंडी भिजवून गुंडाळली होती, वर प्लॅस्टिक लपेटलं होतं आणि दोन्ही टोकं सोपटाच्या पट्टीनं घट्ट बांधली होती. गुटी कलम. फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची आणि मग कापून वेगळी लावायची, अशी रीत. लिंबाला, डाळिंबाला करतात. केळीला कधी कुणी करत नाही, त्यामुळे आबांनी आयुष्यात ती केली नव्हती. शेजारच्या शेतात डाळिंबवाला होता, त्याच्याकडून ते इच्छापुरला जाऊन शिकून आले होते.

हे मला नवऱ्यानं सांगितलं. आबा त्याला म्हणाले होते की केळ एकदा घड देते, मग तिला कापावंच लागतं. बुडाशी पील, म्हणजे नवा कोंब, ठेवलं की बाग चालू राहते. या झाडाचं पील कुठं असतं ते मले मालूम नई, म्हणून फांदीवरच काढून पाहतो.

मी गाठोड्याला हात लावला नाही.  रोज सकाळी ते खुर्ची हौदाशी ओढून बसत, प्लॅस्टिकवर बोटानं दाबून आतली शेंडी ओली आहे का ते पाहत. वाळली असेल तर औषधाच्या ड्रॉपरनं चार थेंब सोडत. बादली त्यांनी त्या शनिवारनंतर उचलली नव्हती. बाकीचं झाड वाळत गेलं. गणपती बसले, उठले. नवरात्रापर्यंत सगळी पानं गळली आणि मागची ती एक फांदी तेवढी हिरवी राहिली. सडलेल्या मुळांवर ती कशी तगते आहे, याचं मला नवल वाटायचं. देवीचा नारळ असेल, असं नवरा म्हणायचा. मी मनातल्या मनात आईला म्हणायचे, अजून थोडं.

दिवाळीच्या आधी प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसली. दोऱ्यासारखी, शेंडीतून वाट काढत आलेली. आबांनी मला हाक मारली. कित्येक आठवड्यांनी त्यांनी मला हाक मारली होती. मी पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. मी गाठोड्याच्या खालून फांदी कापली आणि ती नव्या मातीच्या कुंडीत लावली. माती भुसभुशीत, थोडी वाळू, थोडं शेणखत. पानं मलूल झाली, पण पडली नाहीत. पंधरा दिवसांनी शेंड्याला नवी पालवी आली.

मग जुनं झुडूप काढायचं ठरवलं. रविवार होता. आबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. नवऱ्यानं करवतीनं बुंधा कापला आणि तो हे सगळं उचलून न्यायला गाडीवाल्याला बोलवायला गेला. मी खुरप्यानं हौदातली माती उपसायला घेतली. काळी मऊ मुळं हाताला लागत होती, बोटांत चुरत होती. वरच्या थराखालची माती मला वाटलं होतं तशी चिखल नव्हती. तळापर्यंत कोरडी होत आली होती. हे मला समजेना. तळ लागला, आणि मोरीच्या बाजूच्या कोपऱ्यात सिमेंटचा एक गोल ठिपका दिसला, वाटीएवढा.

तेव्हा आठवलं. हौद बांधताना मिस्त्रीनं पाणी निघून जायला तळाशी भोक ठेवलं होतं. पांढऱ्या टाइल्सवर त्यातून मातकट पाणी झिरपून डाग पडायला लागले. टाइल्सचं काम चालू असतानाच मी त्याला म्हटलं होतं, हे भोक आतून बुजवून टाका. मिस्त्री हिंदीत म्हणाला होता, मॅडम, फिर पानी किधर से जाएगा? मी म्हटलं होतं, मी पाणी मोजूनच घालते. आणि विसरून गेले होते. साखरपुडा तोंडावर होता.

आबांचं पाणी जास्त होतं, हे खरंच आहे. पण भोक उघडं असतं तर ते वाहून गेलं असतं, माझे डाग पडले असते, एवढंच. मुळं बुडाली ती माझ्या सिमेंटमुळे.

मी तो ठिपका हातानं पुसला. मग नीट पाहिलं तर त्या सिमेंटच्या ठिपक्याच्या मधोमध एक भोक होतं, बोट जाईल एवढं. कडा ताज्या, छिन्नीनं टोचून काढलेल्या. कुणीतरी हौदात कोपरापर्यंत हात घालून, कडेची माती बाजूला करून, चिखलातल्या चिखलात चाचपून ते सिमेंट फोडलं होतं आणि माती परत लोटली होती. सोमवारचा तो काळा ओघळ. तीन दिवस वाहिलेला, चौथ्या दिवशी थांबलेला. साठलेलं पाणी निघून जात होतं ते, आणि मी ते बादल्या आपटून पुसत होते. मागची फांदी तगली ती त्यामुळे.

म्हणजे आबांना तेव्हाच कळलं होतं. माझ्या बोलण्यानंतर दोनच दिवसांत. आणि उरलेला श्रावण, भादवा, आश्विन ते माझ्या समोरून जात होते, गोळी घेतली का, घेतली, एवढं बोलत होते.

हात तसेच मातीचे घेऊन मी बाहेर ओट्यावर गेले. गल्लीत लूम बंद होते, रविवार असल्यामुळे शांतता होती. मी आबांच्या पायाशी पायरीवर बसले. म्हटलं, "आबा, हौदाचं भोक मी बुजवलं होतं. टाइल्सवर डाग पडतात म्हणून."

ते रस्त्याकडे पाहत होते. म्हणाले, "मालूम आहे मले."

मी विचारलं की मग तेव्हाच का नाही बोललात. मी तुम्हाला एवढं बोलले, सगळं तुमच्यावर घातलं, तुम्ही एका शब्दानं म्हणाला असतात तरी माझं तोंड बंद झालं असतं.

आबांनी गुडघा चोळला. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तुझ्या मायच्या टायमाले तू नव्हती. ते तू अजून मनात धरून बसली आहे, मले दिसते. त्यात हे अजून तुनंच केलं असं कशाले कळाले पाह्यजे? माझ्यावर ऱ्हायलं तर चालते, बेटा. माझी कुठे माय व्हती ती."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आयुष्यात सणासुदीला रीत म्हणून वाकले असेन तेवढीच. त्यांच्या पायजम्याला माझ्या हातांची काळी माती लागली, त्यांच्याच शेतातली. चुकले, आबा, असं म्हटलं. म्हणायला इतका वेळ लागला होता आणि दोनच शब्द होते.

ते उठले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. आत आलो. कुंडी चौकात उजेडाच्या बाजूला होती, नव्या पालवीवर लूमचा कापूस बसायला लागला होता. आबा तिच्यापाशी थांबले आणि विचारलं की आज पाणी घालायचं का. गेले काही महिने या घरात पाण्याचं त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्हीच पाहा, आबा. बोट घालून."

कसं, ते दाखवलं. दुसऱ्या पेरापर्यंत. त्यांनी खुर्चीत बसून सावकाश बोट मातीत घातलं, थोडं थांबले, बाहेर काढलं आणि उजेडात माझ्यासमोर धरलं. माती चिकटली होती.

"आज नई," ते म्हणाले.